सुट्या भागांच्या खिडकीपाशी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या मालेतील आधीच्या वक्त्यांनी संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि नर्मदाकाठची मंदिरे अशा विषयांनी आपणांस तृप्त केले आहे. आता ट्रकची विक्री आणि दुरुस्ती करणाऱ्यांना बोलावल्यावर त्यांनी ग्रीसचे डाग पडलेला विषय घेऊन यावे, यात नवल नाही. कार्यवाहांनी 'व्यवसायातील अनुभव' असा सैल विषय दिला होता. तो आम्ही थोडा आवळून घेतला आहे. वाहनांचे सुटे भाग आणि दुरुस्ती या विभागासाठी व्यवस्थापक कसा निवडावा, एवढेच आज बोलणार आहोत. विषय रुक्ष वाटेल. परंतु या निवडीत आमच्या हातून जी चूक घडली तिचा एक धागा या मंडळापर्यंत पोचतो, म्हणून ती येथेच सांगणे आम्हांस उचित वाटले. 'आम्ही' म्हणजे आम्ही दोघे बंधू. बोलणारा एक असला तरी चुकीत भागीदारी दोघांची आहे.

जबलपुरात यंत्र जाणणाऱ्या माणसांची वानवा कधीच नव्हती. १९०४ साली येथे गन कॅरिज फॅक्टरी सुरू झाली. १९६९ साली लष्करी वाहनांचा कारखाना आला आणि त्यात शक्तिमान ट्रक बांधले जाऊ लागले. आपल्यापैकी कित्येकांचे वडील वा आजोबा याच कारखान्यांच्या ओढीने इकडे आले. शिवाय वाराणसीहून कन्याकुमारीला जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ याच शहरातून जाई. कटनीकडून सिमेंट भरून आलेला ट्रक येथून लखनादौन, सिवनी करीत नागपूरकडे उतरणार, आणि वाटेत कुठे तरी कुरकुरणार. आमचा व्यवसाय त्या कुरकुरीवर उभा राहिला.

बाहेरच्या माणसाला वाटते की वाहनविक्रेत्याचे पोट वाहने विकून भरते. वास्तविक नव्या ट्रकच्या विक्रीत हाती राहणारी रक्कम तुटपुंजी, आणि तीतलीही बरीच गिऱ्हाइकाला सवलत देण्यात जाते. जागेचे भाडे, पगार, वीज, बँकेचे व्याज हा जो दरमहाचा ठरलेला खर्च, त्याचा किती हिस्सा सुटे भाग आणि दुरुस्ती यांच्या नफ्यातून निघतो, यावर दुकानाची प्रकृती ओळखावी, असे या धंद्यातील जाणते म्हणतात. त्याची खूण आम्हांस २०२० साली पटली. मार्चअखेर सारा देश बंद झाला. एप्रिलमध्ये नव्या ट्रकची एकही पावती फाडली गेली नाही. परंतु धान्य आणि औषधे वाहून नेणारे ट्रक थांबले नव्हते, आणि १५ एप्रिलच्या केंद्रीय आदेशात महामार्गावरील ट्रकदुरुस्तीच्या दुकानांना मुभा मिळाली. त्या काळात या शहरातील किती विक्रेत्यांच्या घरची चूल केवळ दुरुस्तीवर पेटली, ते आम्ही पाहिले आहे. सांगायचे ते एवढेच की, या विभागाचा व्यवस्थापक निवडणे म्हणजे कारकून निवडणे नव्हे. घराचा खांब निवडणे आहे.

आणि हा खांब विचित्र जागी उभा असतो. त्याच्या हाताखाली दोन खाती, आणि त्यांचे हितसंबंध उलटे. कार्यशाळेतल्या मिस्त्रीला प्रत्येक भाग आत्ता, या क्षणी हवा असतो. भांडारातल्या माणसाला मात्र फळीवर कमीत कमी माल ठेवावयाचा असतो. कारण फळीवर पडून राहिलेली वस्तू म्हणजे अडकलेला पैसा. या दोघांच्या मध्ये एक जाळीची खिडकी असते. मिस्त्री जॉब कार्ड घेऊन तिच्यापाशी उभा राहतो, आतून 'नाही' असा शब्द येतो, आणि बाहेर ट्रकमालक घड्याळ पाहत असतो. आमच्या धंद्यातील निम्मी भांडणे त्या खिडकीत जन्मतात.

१९९४ साली ही जागा आमच्याकडे रिकामी झाली. खिडकीच्या आत तेव्हा सतना जिल्ह्याकडचे एक गृहस्थ भांडारपाल होते. सारे त्यांना पंडितजी म्हणत; आम्हीही म्हणत असू. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पण हजारो भागांचे क्रमांक तोंडपाठ, आणि ट्रकचा आवाज फाटकातून आत येताच कोणता भाग मागितला जाईल याचा अदमास ते बांधीत. त्यांची एक लाल कापडी बांधणीची वही होती. विकलेल्या मालाची नोंद खतावणीत होतच असे; या वहीत ते न विकलेल्या मालाची नोंद ठेवीत. म्हणजे कोणी काय मागितले आणि आपल्याकडे नव्हते, कोणत्या नमुन्याच्या गाडीसाठी मागितले, आणि 'नाही' ऐकल्यावर तो माणूस थांबला की निघून गेला. आम्ही त्या वहीला हसत असू. ज्याचा पैसा आला नाही त्याचा हिशेब कशाला, असा आमचा व्यापारी विनोद होता.

त्यांनाच ही जागा द्यावी असे कार्यशाळेतल्या फोरमनने सुचविलेही. परंतु त्याच सुमारास मंडळातील एका वडीलधाऱ्यांचे पत्र आले. पुण्याकडचा, यंत्रशास्त्राची पदवी घेतलेला, चांगल्या घरचा मुलगा. परप्रांतात आपल्या माणसाने आपल्या माणसाचा हात धरावयाचा नाही तर कोणी धरावयाचा? हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकले आहे, आणि उच्चारलेही आहे. आमच्या मातोश्रींनाही ते पटले. मुलाखत आमच्या कचेरीत झाली. चहा झाला, पोहे झाले, पुण्याच्या गल्ल्यांची उजळणी झाली. भांडाराकडे आम्ही त्यांना नेले ते नेमणुकीचे पत्र दिल्यानंतर.

या तरुणावर आज दोषारोप करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. ते प्रामाणिक होते, कष्टाळू होते, आणि पुस्तकाप्रमाणे बरोबरच होते. त्यांनी वर्षभराच्या खपाच्या किमतीनुसार साऱ्या मालाचे अ, ब, क असे वर्ग पाडले. ही पद्धत जगभर मान्य आहे; मोजक्या वस्तूंतच बहुतेक पैसा गुंतलेला असतो, त्यांच्यावर नजर ठेवली की भांडवल मोकळे होते. क वर्गातील जुन्या नमुन्यांचे, वर्षानुवर्षे न हललेले भाग त्यांनी ठोक भावाने बाजारात काढून टाकले. फळ्या चकचकीत झाल्या, बँकेचे व्याज उतरले, आणि आम्ही दोघा भावांनी एकमेकांकडे समाधानाने पाहिले. पंडितजींनी एकदाच येऊन सांगितले की, भैयाजी, यातल्या काही वस्तू विकण्यासाठी नसतात, असण्यासाठी असतात. आम्हांस ते निवृत्तीला आलेल्या माणसाचे हट्टाचे बोलणे वाटले. दोन महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. नव्या साहेबांची मुंबईच्या धाटणीची हिंदी आणि बुंदेलखंडी ड्रायव्हरांची बोली यांचे जुळत नव्हते, हेही एक कारण असावे. आजवर मधला दुभाषा पंडितजीच होते.

पुढल्या पावसाळ्यात मंडल्याकडचा एक ट्रकमालक आपली गाडी घेऊन आला. एका ट्रकचा धनी. गाडी फायनान्सरकडून हप्त्याने घेतलेली, जुन्या नमुन्याची. स्टिअरिंगच्या पेटीतील एक बेअरिंग गेले होते. किंमत शंभर रुपयांच्या आतली. परंतु त्यावाचून गाडी एक पाऊल हलविणे धोक्याचे. फळीवर ते नव्हते, क वर्गात गेले होते. कंपनीच्या आगाराकडे मागणी गेली. तेथेही जुन्या नमुन्याचा माल शिल्लक नव्हता. बाजारात त्या मापाचे एक मिळाले ते बनावट निघाले, आणि स्टिअरिंगमध्ये बनावट भाग घालावयास आमच्या व्यवस्थापकांनी साफ नकार दिला. तो नकार योग्यच होता, आणि त्याबद्दल आम्ही आजही त्यांचे ऋणी आहोत. गाडी एकोणीस दिवस आमच्या आवारात पावसात उभी राहिली. तिचा धनी रोज सकाळी यायचा, खिडकीपाशी उभा राहायचा आणि काही न बोलता टपऱ्यांकडे जाऊन बसायचा.

एकोणिसाव्या दिवशी तोच बेअरिंग घेऊन आला. कंपनीच्या मूळ वेष्टनात. वेष्टनावर आमच्याच भांडाराची चिठ्ठी, पंडितजींच्या अक्षरात. त्यांनी ट्रक अड्ड्यावर लहानसे दुकान थाटले होते आणि आम्ही ठोक भावाने काढलेल्या मालातला निवडक हिस्सा त्या व्यापाऱ्याकडून विकत घेतला होता. काय निवडावे हे त्यांना वहीने सांगितले होते. आमच्यापैकी कोणी त्यांच्याकडे विचारावयास गेले नव्हते, कारण सोडून गेलेल्या नोकराच्या दारात जाणे आम्हांस कमीपणाचे वाटले. व्यवस्थापकांना तर त्यांचे दुकान आहे हेही ठाऊक नव्हते; आम्हांला होते. गाडी दुसऱ्या दिवशी गेली. दोन हप्ते चुकले होते. दिवाळीच्या आत फायनान्सरच्या माणसांनी ती ओढून नेल्याचे आमच्या कानांवर आले.

त्यानंतर आम्ही पंडितजींकडे गेलो. त्यांनी चहा पाजला, परत येण्यास नम्रपणे नाही म्हटले, आणि वही कशी आखावी ते एका कागदावर काढून दिले. उणा शब्द एकही नाही. तो असता तर बरे झाले असते.

पुण्याचे ते गृहस्थ आणखी तीन वर्षे आमच्याकडे होते आणि पुढे एका मोठ्या कारखान्यात चांगल्या पदावर गेले. त्यांच्या जागी आलेल्या व्यवस्थापकाच्या बाबतीत आम्ही वेगळी चूक केली. सुट्या भागांच्या विक्रीवर त्यांना कमिशन बांधून दिले. वर्षभरात विक्री वाढली, आणि आमच्या फोरमनने भंगाराच्या पिंपातून ब्रेकची लायनिंग काढून टेबलावर ठेवली. निम्मीसुद्धा झिजली नव्हती. ज्याला विकलेल्या भागावर पैसा मिळतो तो भाग बदलणारच. त्यात त्याचा दोष कमी, आणि पगार ठरविणाऱ्याचा अधिक. तेव्हापासून आम्ही बक्षीस ठरविताना दोन गोष्टी पाहतो. दुरुस्त होऊन गेलेली गाडी त्याच तक्रारीसाठी किती वेळा परत आली, आणि खिडकीतून 'नाही' किती वेळा म्हणावे लागले. दोन्ही आकडे खोटे पाडणे अवघड नाही, हे मान्य. म्हणून कधी कधी आम्ही स्वतः बाकावर जाऊन बसतो.

आता निवडीची आमची रीत अशी आहे की, उमेदवाराला कचेरीत बसवावयाचे नाही. सकाळी आठला खिडकीपाशी यावयाचे आणि दुपारपर्यंत उभे राहावयाचे. तो मिस्त्रीला काय विचारतो, जॉब कार्ड वाचतो की नुसते घेतो, ड्रायव्हरला बसावयास सांगतो की नाही, हे दिसते. मग धूळ खात पडलेल्या वस्तूंच्या फळीपाशी नेऊन आम्ही विचारतो की, यातले काय काढाल? सारे काढीन म्हणणारा आम्हांस नको, आणि काहीच काढणार नाही म्हणणाराही नको. ही गाडी कोठे चालते, या भागावाचून ती उभी राहील काय, असे उलट विचारणारा माणूस क्वचित भेटतो. शेवटी एखाद्या अधीर गिऱ्हाइकाशी त्याची गाठ घालून देतो. 'संध्याकाळपर्यंत होईल' असे म्हणणे सोपे असते. 'आज होणार नाही, परवा दुपारी या' असे तोंडावर सांगून माणूस न तोडणे ही फार दुर्मिळ विद्या आहे. पदवी आम्ही त्यानंतर पाहतो.

पदवी निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ कृपा करून घेऊ नये. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे निकष आले. आताच्या ट्रकच्या धुरावर युरियाच्या द्रावणाची प्रक्रिया होते, इंजिनाचे दुखणे संगणक लावून वाचावे लागते, आणि आमच्या जुन्या मिस्त्रींचा स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकण्याचा काळ मागे पडला. करांचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या साऱ्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के वस्तू व सेवा कर झाला. तत्पूर्वी एका भागावर १८ तर शेजारच्यावर २८, आणि त्यांचा मेळ घालताना शिकलेली माणसेही घामाघूम होत. हे ज्ञान हवेच. परंतु यंत्र कसे लावावे ते कंपनीच्या वर्गात शिकविता येते. खिडकीपलीकडच्या माणसाचा दिवस मोडतो आहे, हे कळण्याचा वर्ग कोठे भरतो ते आम्हांस अद्याप सापडलेले नाही.

मंडळाने या पन्नास वर्षांत नव्याने आलेल्या किती कुटुंबांना घर शोधून दिले, शाळेत प्रवेश मिळवून दिले, गणपतीत मुलांना रंगमंचावर उभे केले, हे आम्ही जाणतो. आमच्या वडिलांना या शहरात पहिली खोली मंडळाच्याच एका सभासदाने मिळवून दिली होती. तो हात पुढेही असावा. मात्र खोली मिळवून देताना कोणाची खोली जात नव्हती, आणि १९९४ साली आम्ही जी खुर्ची दिली तीवर आधीच एका माणसाचा वीस वर्षांचा हक्क होता. पंडितजी आपले नव्हते, असे आम्हांस त्या वेळी का वाटले, याचे उत्तर आम्ही दोघे भाऊ अजून एकमेकांना नीट देऊ शकलेलो नाही.

येत्या महिन्यात ही जागा पुन्हा रिकामी होत आहे. बातमी फुटली आहे, कारण या आठवड्यात सभासदांची तीन पत्रे आली. त्यांपैकी दोघे समोर बसलेले दिसत आहेत. तिघांनाही आम्ही एकच उत्तर धाडले आहे. मुलास सोमवारी सकाळी आठ वाजता पाठवावे, पायांत जुने जोडे असावेत, आणि दुपारचा डबा सोबत द्यावा.