परमुलुखातील सुशिक्षित बेकार
(ज्युबिलीनिमित्त केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी जे समोर बसले आहेत त्यांचे कौतुक करावेच. परंतु जे समुद्रापलीकडे गेले त्यांचेही स्मरण करणे आम्हांस अगत्याचे वाटते. माहुलसारख्या खाडीकाठच्या गावांतील मुलेही आता पदव्या संपादून कॅनडासारख्या देशी जातात. तेथे कित्येकांस महिनोगणती काम मिळत नाही, आणि इंजिनियर म्हणून गेलेला मनुष्य वखारीत पेट्या उचलतो.

याचे कारण नीट समजून घ्यावे. देशात प्रवेशासाठी पदवीची जी तपासणी होते, ती धंद्याची सनद नव्हे. डॉक्टर, परिचारिका, इंजिनियर यांस सनद देणाऱ्या संस्था प्रांतोप्रांती निराळ्या आहेत. शिवाय तेथील कामाचा अनुभव मागतात. आणि कामच नसता अनुभव यावा कोठून? ऑंटेरिओ प्रांताच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ साली ही सक्ती भेदभावाची ठरवली, व तेथील इंजिनियरांच्या सनदेसाठी ती अट २०२३ साली रद्द झाली. तथापि वाट अजून खडतरच आहे. यास्तव निघण्यापूर्वीच सनदेचे नियम वाचावे, कित्येक महिन्यांच्या खर्चाची तजवीज करावी, आणि मिळेल ते प्रामाणिक काम करीत असता परीक्षेचा अभ्यास सोडू नये.

संत पौल हा गमलिएलच्या चरणांशी शिकलेला पंडित. करिंथ नगरीत तो नवखा आला, तेव्हा अक्विला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू करू लागला. हे जोडपेही रोमहून घालवून दिलेले, म्हणजे तेथे परकेच. परक्यानेच परक्यास आसरा दिला. तेव्हा तेथील धर्मग्रामात आपली अडचण उघड सांगण्यात कसला कमीपणा?

आता येथे राहिलेल्यांस दोन शब्द. देवळाच्या दाराशी आपण विचारतो, "पोरगा किती कमावतो?" बाप मान खाली घालतो, अथवा खोटे सांगतो. कर्ज फेडण्याची घाई घरून होते, म्हणून मुलगाही आपली स्थिती लपवतो व एकाकी पडतो. बेकारीपेक्षा हा एकाकीपणाच अधिक जीवघेणा होय. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या आपल्या विश्वपत्रात शिकविले की काम मनुष्याकरिता आहे, मनुष्य कामाकरिता नव्हे. म्हणून त्यास पगार विचारू नका. जेवलास काय, हे विचारा. आणि तो परत आलाच, तर त्यास हरलेला म्हणू नका.

परमेश्वर त्यांच्या हातांस काम आणि आपल्या जिभेस संयम देवो.