कोड खरा की सापळा?
घरातलं लेकरू 'फ्री फायर मॅक्स' खेळत असेल, तर 'रिडीम कोड' हा शब्द तुमच्या कानावर आला असेलच. खेळात बक्षिसं मिळवून देणारा गरेना कंपनीचा हा कोड १२ किंवा १६ अक्षरांचा असतो. त्यात फक्त इंग्रजी मोठी अक्षरं आणि आकडे. तो कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरच वापरायचा. गेस्ट म्हणजे पाहुण्याचं खातं तिथे चालत नाही. मुदत संपलेला कोडही नाही.

पण खरी काळजी पुढेच आहे. कोड देतो म्हणून कुणी पासवर्ड किंवा ओटीपी मागितला, एखादं ॲप उतरवायला सांगितलं, तर तिथेच थांबा. संकेतस्थळाचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. भामटे एखादंच अक्षर बदलून हुबेहूब पान उभं करतात. पैसे गेलेच, तर मुलावर रागावण्यात वेळ घालवू नका. लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक फिरवा.