छातीतली धूळ आणि कायद्याची मुदत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सिमेंटचा पत्रा आपण सर्वांनी पाहिला आहे. गोठ्यावर, पिठाच्या गिरणीवर, झोपडीवर आणि आमच्या मशिदीच्या वजूखान्यावरही. त्यात बहुधा सिमेंटबरोबर ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. हे खनिज कापसासारखे पिंजता येते, कातता येते आणि ते जळत नाही. ज्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले त्याचा अर्थ 'न विझणारे'. मी कवी माणूस, वकील नव्हे. पण या एका शब्दाने मला ओढत कायद्याच्या पुस्तकांपर्यंत नेले.

हा तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात गेला की तिथेच मुक्काम करतो. दुखणे लगेच येत नाही. ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग किंवा त्याच्या आवरणाचा मेसोथेलिओमा दिसायला दहा-वीस, कधी चाळीस वर्षेही लागतात. यंत्रात बोट गेले तर अपघाताला तारीख असते, साक्षीदार असतात. इथे अपघात रोज होतो आणि कोणालाच दिसत नाही. भरपाईचे कायदे मात्र बोट तुटण्याचा विचार करून घडवलेले!

इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी नेली केरशॉ नावाची बाई टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात ॲस्बेस्टॉसचे सूत कातत असे. दम लागून काम सुटले. डॉक्टरांनी दाखल्यावर 'ॲस्बेस्टॉसची विषबाधा' असे लिहिले. आजारपणाचा विमा देणारी संस्था म्हणाली, हा कामातून आलेला रोग, मालकाकडे जा. मालक म्हणाले, कायद्याच्या यादीत असा रोगच नाही. दोघांनीही कायद्यावरच बोट ठेवले होते. १९२४ साली, तेहतिसाव्या वर्षी ती वारली. तिला पुरले त्या जागी नावाचा दगडसुद्धा नव्हता. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसांची तपासणी करून त्याच वर्षी निबंध लिहिला, आणि १९२७ साली 'ॲस्बेस्टॉसिस' हे नाव रूढ केले. ब्रिटनमध्ये धुळीवरचे नियम आले ते १९३१ साली.

रोगाला नाव मिळाले, तरी पेच सुटला नाही. माणसाने आयुष्यात तीन मालकांकडे काम केले, तर कोणाच्या धुळीने मेसोथेलिओमा झाला? विज्ञानाला ते सांगता येत नाही. प्रत्येक मालक दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटे. २००२ साली फेअरचाइल्ड खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने म्हटले की मरणाऱ्या माणसाकडे एवढा पुरावा मागणे न्यायाचे नाही. ज्याने कर्तव्य चुकवून धोका वाढवला तो जबाबदार. पण मे २००६ मध्ये त्याच न्यायपीठाने बार्कर खटल्यात ठरवले की ज्याने त्याने आपल्या वाट्यापुरतेच द्यावे. मग बुडालेल्या कंपनीचा वाटा कोणी सोसायचा? अर्थातच विधवेने. तीन महिन्यांच्या आत, जुलैमध्ये, संसदेने कायदा केला: मेसोथेलिओमा झाला तर कोणताही एक जबाबदार मालक पूर्ण भरपाई देईल, बाकीच्यांकडून वसुली त्याची त्याने करावी. संसद मनात आणले तर किती झपाट्याने चालते पाहा! पुढे २०१४ मध्ये, ज्यांना मालकही सापडत नाही आणि त्याचा विमाही सापडत नाही, अशा रुग्णांसाठी विमा कंपन्यांकडून पैसे घेऊन वेगळी योजना झाली.

ही नुसती विलायतेची गोष्ट नव्हे. टर्नर समूहाच्या कंपन्यांचे कारखाने पुढे आपल्या मुलुंड-घाटकोपरलाही होते.

आपल्याकडच्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत ॲस्बेस्टॉसिस होता. म्हणजे नेलीला जे मिळाले नाही ते आपल्या कामगाराला कागदावर मिळाले होते. पण कलम १० चे एक परंतुक वाचून मी थबकलो. अशा रोगाची लक्षणे नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत दिसली, तर ती दिसली तो दिवस अपघाताचा धरावा, असे त्यात होते. दोन वर्षे! रोग तर वीस वर्षे दबा धरून बसतो. उशीर माफ करायचा अधिकार आयुक्तांना होता, हे खरे. पण हक्क आणि मेहेरबानी यांतले अंतर कचेरीच्या बाकावर दिवस काढलेल्या माणसाला विचारा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे.

सर्वोच्च न्यायालयाला ही दीर्घ मुदत कळली होती. जानेवारी १९९५ च्या निकालात त्याने आदेश दिला: ॲस्बेस्टॉस उद्योगांनी प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यावर १५ वर्षे, यांतले जे नंतर येईल तोवर जपावी. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने रोगावर शिक्कामोर्तब केलेल्या कामगाराला एक लाख रुपये भरपाईही सांगितली. निकाल मोलाचा आहे. पण नोंद जपायची कोणी? ज्याच्याविरुद्ध ती उद्या पुरावा ठरेल, त्यानेच. मला विचाराल तर छातीच्या फोटोची आणि तपासणीची प्रत कामगाराच्या हातात, शेवटच्या पगाराबरोबर, सक्तीने पडली पाहिजे. गावी पेटीत रेशनकार्डाशेजारी ती राहील.

आणि पावसाळ्याआधी आपल्या घरावरचे जुने पत्रे फोडून उतरवणारा नाक्यावरचा मजूर? त्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नसते. आपण त्याला दिवसाचे पैसे देतो, तो अंगावरची पांढरी धूळ झटकतो आणि दुसऱ्या नाक्यावर जातो.