मोडीत काढण्याआधी



इथं बोलायचं निमंत्रण आलं तेव्हा मी विषय कळवला होता 'हैदराबादची मराठी'. आठ दिवसांनी मीच फोन करून तो बदलून घेतला. ज्या ताईंशी माझं बोलणं चाललं होतं त्या मध्येच म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात नागपूरला जातेय, आईचं घर आवरायला. बारा दिवसांची रजा मिळालीय." बारा दिवस हा आकडा माझ्या ओळखीचा होता. माझा दादा न्यू जर्सीहून आला तेव्हा घर आवरायला त्याच्याकडेही बाराच दिवस होते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हे बारा दिवस काढले आहेत, काहींना ते काढायचे आहेत. म्हणून आज मी फक्त आमच्या घराबद्दल बोलणार आहे.

आमचं घर हैदराबादेत, चिक्कडपल्लीत. आरटीसी क्रॉस रोड्सवरून नारायणगुड्याकडे निघालं की वाटेत लागतं ते चिक्कडपल्ली. आता वरून मेट्रो धावते. बाबांचं सगळं जग घरापासून दहा मिनिटांच्या आत होतं. सकाळी सिटी सेंट्रल लायब्ररीत पेपर. संध्याकाळी आईला घेऊन त्यागराय गान सभेत, जे काही असेल ते ऐकायला. तेलुगू कीर्तनं कळत नसली तरी आई मांडीवर ताल धरायची. रविवारी मात्र आबिड्स. तिथं फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडलेली असतात. दुपारी परत येताना पिशवीत तीन-चार पुस्तकं असायचीच, मराठी, इंग्रजी आणि उर्दूसुद्धा.

हे उर्दू नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बाबांच्या जन्माच्या दाखल्यावर 'खुरदाद १३४१ फसली' असं लिहिलं होतं. निजामाच्या राज्यात फसली साल चालायचं. खुरदाद महिन्यासाठी त्यात ५९१ मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे बाबा १९३२च्या एप्रिलमधले. सरकारी शाळा उर्दूत, कचेरी उर्दूत, उस्मानिया विद्यापीठसुद्धा १९१८पासून १९४८पर्यंत उर्दूत शिकवणारं. घरात मराठी, बाहेर उर्दू, गल्लीत तेलुगू. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्य भाषेप्रमाणे वाटलं गेलं. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि कितीतरी मराठी नोकरदार बिऱ्हाड उचलून तिकडे निघाले. आजोबा निघाले नाहीत. म्हणून आम्ही आजही नारायणगुड्याच्या भाजीबाजारात तेलुगूत घासाघीस करतो.

आई २०१४ला गेली. बाबा २०२२ला, नव्वदी ओलांडून. आईच्या वेळी घर आवरावं लागलं नव्हतं, कारण बाबा होते. बाबा गेले तेव्हा मात्र आम्ही पोरके झालो, आणि पोरकं होणं साठीतसुद्धा तितकंच खरं असतं, हे मला तेव्हा कळलं.

तेरावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी दादानं तीन जागा आखल्या. बैठकीच्या शहाबादी फरशीवर खडूनं रेघा मारल्या: ठेवायचं, द्यायचं, रद्दी. वहिनीनं त्याला येताना मार्गारेटा मॅग्नुसन या स्वीडिश बाईंचं पुस्तक दिलं होतं. म्हातारपणी आपणच आपलं सामान कमी करत जावं, मागच्यांवर टाकू नये, अशी स्वीडनमधली रीत त्या बाईंनी २०१७ साली लिहून जगाला सांगितली. दादाला ते फार पटलं होतं. मला पुस्तकाचा राग नव्हता. पण आपल्याकडे याला जुना शब्द आहे, निरवानिरव. जाणारा माणूस आपल्या हातानं वस्तू, माणसं, देव कुणाकडे तरी सोपवून जातो ती निरवानिरव. ती राहून गेली की मागच्यांच्या वाट्याला उरते ती आवराआवर. बाबांनी निरवानिरव केली नव्हती. आम्हीही कधी त्यांच्याजवळ बसून विचारलं नव्हतं. विचारलं तर त्यांना वाईट वाटेल असं म्हणायचो, आणि खरं म्हणजे वाईट आम्हाला वाटणार होतं.

पितळेवर आम्ही भांडलो. बेगम बाजारात जुनं पितळ किलोवर घेतात. दादा म्हणाला, देऊन टाकू. मी म्हटलं, त्या घंगाळात तुला आईनं आंघोळ घातलीय. तो म्हणाला, "मग तू ने." माझा फ्लॅट दोन खोल्यांचा. मी गप्प बसले, आणि रात्री स्वयंपाकघरात जाऊन एक अडकित्ता पर्समध्ये टाकला. घरात सुपारी कुणी खात नाही. तो अजून माझ्या कपाटात आहे.

आईच्या साड्या आठ वर्षं तशाच होत्या, बाबांनी कपाटाला हात लावू दिला नव्हता. त्यात नारायणपेठी सगळ्यांत जास्त. महाराष्ट्रातल्या बायका हौसेनं नारायणपेठी नेसतात, पण नारायणपेठ हे गाव तेलंगणात आहे हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. आई तिथून विणकराकडूनच साडी आणायची. दोन मी ठेवल्या, दोन वहिनीला, एक खालच्या अम्मांना, ज्यांनी आईच्या आजारपणात रोज रसमचा डबा वर पाठवला होता. ज्या विरल्या होत्या त्यांची मी वाकळ शिवून घेतली. पुण्यात गोधडी म्हणतात, आमच्याकडे वाकळ.

देवांचं मात्र चटकन ठरलं. कुळाचे टाक, तुळजाभवानी आणि खंडोबा, थोरल्याकडे जायचे. दादानं आईच्या एका खणात ते गुंडाळले आणि हातातल्या बॅगेत ठेवले, सामानात दिले नाहीत. आता न्यू जर्सीत त्याच्या घरी आहेत. नवरात्रात घट बसतो.

पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक होती. ती आवराआवरीच्या दहाव्या दिवशी बाहेर काढली. आत घराची कागदपत्रं, मराठी साहित्य परिषदेच्या 'पंचधारा'चे जुने अंक, आमच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा, आणि तळाशी उर्दूत लिहिलेल्या पाच-सहा वह्या. ऑफिसात असतात तसल्या लांबट, कापडी पाठीच्या. मला उर्दू बोलता येतं, वाचता येत नाही. दादालाही नाही. आमच्या घरात ती लिपी वाचणारं बाबा हे शेवटचं माणूस होतं. दादा म्हणाला, ऑफिसचे हिशेब असतील. मलाही तसंच वाटलं. वह्या खडूच्या तिसऱ्या चौकोनात गेल्या.

दुसऱ्या दिवशी रद्दीवाले चाचा आले. वयस्कर, पांढरी दाढी, तागडी घेऊन. त्यांनी पेपर तोलले, अंक तोलले (ते मी परत उचलून घेतले), मग एक वही हातात घेतली, उघडली आणि वाचायला लागले. तागडी खाली ठेवली.

"अम्मा, ये बेचू नक्को."

दख्खनीतलं ते 'नक्को' आपल्याच मराठीतलं. मी विचारलं, काय आहे? ते म्हणाले, "मालूम नै. हरूफ़ उर्दू के हैं, ज़बान मेरे कू नै आती."

आणि त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. उर्दूत ऊ, ओ, औ या तिन्हींसाठी एकच अक्षर, र्‍हस्व स्वर बहुतेक लिहीतच नाहीत, ळ नाही, ण नाही. त्यामुळे चाचा अडखळत होते. "आज... तन... दून... चमचे... पीज... घतली." मग एकदम चेहरा उजळला, "पानी!" हा शब्द त्यांना कळला. "पानी... नको... म्हनाली."

दादा आणि मी एकमेकांकडे बघितलं. आज तिनं दोन चमचे पेज घेतली. पाणी नको म्हणाली.

ती मराठी होती. बाबांनी उर्दू लिपीत आपली मराठी लिहिली होती. वही २०१४ची, आईच्या शेवटच्या सात महिन्यांची. चाचा शब्द सोडवत होते आणि आम्ही त्यांना उच्चार सांगत होतो. 'झूप' म्हणाले की आम्ही 'झोप' म्हणायचो, 'डूले' म्हणाले की 'डोळे'. अर्धा तास असा गेला. बाहेर हातगाडी तशीच उभी. एका पानावर आलं, आई रात्रभर जागी होती आणि बाबांना म्हणाली, तुम्ही निजा. त्याच्या खालच्या ओळीत होतं, मुलांचा फोन आला, बरी आहे म्हणून सांगितलं.

दादा उठून मागच्या अंगणात गेला. तिथं जांबाचं झाड आहे, तुमचा पेरू. बऱ्याच वेळानं परत आला आणि त्यानं तिकीट आठ दिवसांनी पुढे ढकललं.

चाचांनी पैसे घेतले नाहीत. वह्यांचं वजनही केलं नाही.

ती लिपी आमच्यापासून लपवायला निवडली होती, की हाताला तीच सवयीची होती, हे आता कोण सांगणार? मला वाटतं, दोन्ही. जे आम्हाला सांगता आलं नाही ते त्यांनी जिथं आम्ही पोहोचणार नाही तिथं ठेवलं. पण जाळलं नाही, ट्रंकेत ठेवलं, हेही लक्षात घ्या.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तो १८९८ साली, वाईला मिळालेल्या कागदांवरून. ते कागद कुठल्या राजाच्या खजिन्यात नव्हते, माणसांच्या घरात पडून होते, मोडीत लिहिलेले. पुढे १९१०ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं आणि अशी दप्तरं जमा व्हायला लागली. आमच्या वहीत पानिपत नाही. एका बाईनं किती पेज घेतली एवढंच आहे. मला ते तितकंच मोलाचं वाटतं.

तुमच्यासाठी काही कामाच्या गोष्टी सांगते, कारण जेवताना त्याच विचारल्या जातील. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करून घ्या आणि दाखल्याच्या भरपूर प्रती काढा. तेलंगणात वारसांसाठी कुटुंब सदस्य दाखला लागतो, मी-सेवा केंद्रात अर्ज करायचा, तहसीलदार देतात. बँकेत नॉमिनेशन आहे की नाही हे आईवडील असतानाच बघा. विसरलेल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३पासून 'उद्गम' पोर्टल सुरू केलंय. वारशाचे पैसे परदेशी न्यायला एनआरओ खात्यातून आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत परवानगी असते. हे सगळं करा, पण वेगळ्या दिवशी करा. ज्या दिवशी कपाट उघडायचं त्या दिवशी बँकेत जाऊ नका. आणि घर एका फेरीत रिकामं करू नका. पहिल्या फेरीत फक्त नासणारं आणि गळणारं बघा, बाकीचं कुलूप लावून वर्षश्राद्धापर्यंत राहू द्या. भाडं बुडेल, बुडू दे.

आता माझं मागणं. तुमच्या मुलांपैकी देवनागरी सहज वाचणारी किती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आमच्यापुढे उर्दू आली तशी त्यांच्यापुढे तुमची मराठी येईल, तुमच्या आईची पत्रं, तुमच्या पाककृतींच्या वह्या. तेव्हा तागडी खाली ठेवणारे चाचा त्यांना भेटतीलच असं नाही. म्हणून आजच एक ट्रंक उघडा. मुलांना शेजारी बसवा, कागद हातात घेऊन मोठ्यानं वाचा, फोनवर आवाज घेऊन ठेवा. फोटोच्या मागे नावं लिहा, त्यांना वाचता येतील अशा अक्षरांत.

मी गेली दोन वर्षं उर्दू लिपी शिकतेय. दर रविवारी वहीतलं एक पान देवनागरीत उतरवते आणि दादाला फोनवर वाचून दाखवते. तो मध्ये काही बोलत नाही. शंभरावर पानं झालीत, अजून चाळीसेक आहेत.

ज्यांच्या घरी मोडीतले किंवा उर्दूतले कागद असतील त्यांनी आज मला भेटूनच जावं. मोडी मला येत नाही, पण वाचणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत.