दख्खनच्या कातळाखालचें जुनें खंड

बारामतीहून इंदापुरास जाणाऱ्या प्रवाशास उंसाचे मळे, माळरानें आणि काळा कातळ यांखेरीज फारसें कांहीं दिसत नाहीं. दक्षिणेस नीरा, उत्तरेस भीमा आणि नीरा नरसिंहपुरास त्यांचा संगम. ही सारी भूमि सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्ह्याच्या थरांची आहे. हे थर ज्यावर पसरले तें खंड मात्र अब्जावधि वर्षांचें आहे. सिंधुदुर्गांत व कर्नाटकांत तें उघडें दिसतें. येथें तें झांकलेलें आहे. मग त्याचा नकाशा काढावयाचा कसा?

पहिलें साधन गुरुत्वाकर्षणाचें. बेसाल्टाचें वजन घन सेंटिमीटरास सुमारें २·९ ग्रॅम, जुन्या नाइस खडकाचें सुमारें २·७ आणि गाळाच्या खडकाचें बहुधा त्याहून कमी. त्यामुळें ठिकठिकाणीं पृथ्वीची ओढ लाखांत कांहीं भाग इतकी बदलते, आणि सूक्ष्म स्प्रिंगेला टांगलेलें वजन तो फरक दाखवितें. नुसत्या तीन मीटर चढानेंहि ओढ सुमारें दशलक्षांश घटते. म्हणून प्रत्येक ठाण्याची उंची अचूक घ्यावी लागते.

दुसरें साधन चुंबकत्वाचें. हें मापन इतकें नाजूक कीं मुंबईंत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्यें अलिबागेस नवी चुंबकीय वेधशाळा उभारावी लागली. दख्खनवर आणखी एक अडचण आहे. लाव्हा स्वतःच चुंबकित आहे, आणि त्याचे कित्येक थर तर पृथ्वीचें चुंबकत्व उलट असतांना थिजलेले आहेत. ढोलताशांच्या गजरांत तंबोऱ्याचा सूर शोधावा, तसें हें काम आहे.

१९७३ मध्यें कृष्णब्रह्मम् व नेगी यांनीं गुरुत्वाच्या नकाशांतील दोन नीच पट्ट्यांवरून लाव्ह्याखालीं दोन खचदऱ्या असाव्या असें मांडलें: एक कोयनेची, दुसरी इंदापुरापलीकडील कुर्डुवाडीची. सर्वांस तें पटलें नाहीं. कारण ओढींतील तीच तूट उथळ हलक्या खडकानेंहि येते आणि खोलवरच्या रुंद फरकानेंहि. याचा निवाडा छिद्रणानेंच होतो. कोयनेजवळ सुमारें ९३० मीटर बेसाल्टाखालीं थेट जुना खडक लागला; खचदरींत अपेक्षित असलेला गाळ तेथें मिळाला नाहीं. किल्लारीस ३३८ मीटर बेसाल्टाखालीं गाळाचा पातळ थर आणि मग जुना खडक आढळला.

किल्लारीचें छिद्रण झालें तें भूकंपानंतर. हा प्रदेश स्थिर मानला जात असे; ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे तेथें हजारो माणसें दगडमातीच्या भिंतींखालीं गेलीं. वरच्या कातळावरून खालची दुबळी जागा ओळखतां आली नव्हती.

बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्यास हा नकाशा विहिरीची जागा सांगणार नाहीं. तें पाणी वरच्या थरांच्या भेगांत असतें. भूकंपाची तिथीहि तो सांगणार नाहीं. भूकंपमापक कोठें ठेवावे आणि छिद्र कोठें घ्यावें, एवढें तो सुचवूं शकतो. भिंत मजबूत बांधणें मात्र नकाशाची वाट न पाहतांहि माणसाच्या हातीं आहे.