सिग्नल हिरवाच होता
(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेले भाषण)



‘रेल्वेतले अनुभव’ यावर बोला, असे मंडळाने सांगितले. मी रूळ सांभाळणारा डिप्लोमावाला माणूस, भाषणाची सवय नाही. म्हणून एकच अनुभव सांगतो. त्यात माझी चूकही आहे.

२००९ सालचा हिवाळा. इथल्या जंगलमहालात तेव्हा माओवाद्यांची दहशत होती. मी त्या भागात कनिष्ठ अभियंता होतो. एके दिवशी उजाडता उजाडता आमच्या कीमनचा फोन आला, “साहेब, चौदा स्लीपरच्या क्लिपा गायब आहेत. गाडी थांबवतोय.”

क्लिपा भंगारात विकणारे चोर आम्हाला नवीन नव्हते. मी म्हणालो, “दादा, चोरी असेल. नव्या बसवा, गाडी कशाला अडवता?”

ते वयाने माझ्या वडिलांसारखे. शांतपणे म्हणाले, “चोर मिळेल तिथून काढतो, साहेब. इथे ओळीने काढल्यात, एकाच रुळाच्या. सांध्याचे बोल्टही सैल आहेत. मी हात लावणार नाही, खाली काही पुरलेले असेल तर?”

एवढे बोलून ते पळत सुटले. नियमाप्रमाणे ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन फटाके रुळावर लावले आणि लाल झेंडी घेऊन उभे राहिले. गाडी थांबली. मी पोहोचलो तेव्हा जवळच्या झाडावर हाताने लिहिलेले पोस्टर होते. पोलिसांची तपासणी झाल्यावरच आम्ही कामाला हात लावला.

लक्षात घ्या, सिग्नल हिरवाच होता. रूळ तुटला तर ट्रॅक सर्किटची वीज खंडित होऊन सिग्नल लाल होऊ शकतो. पण क्लिपा काढल्या तरी रूळ जागेवरच असतो, वीज वाहत राहते. ते फक्त चालणाऱ्या माणसालाच दिसते.

मी काय बोलून गेलो होतो, ते मला २८ मे २०१० रोजी खरे कळले. आपल्या माउलींच्या ग्रंथाचे नाव असलेली, हावड्याहून मुंबईला निघालेली ज्ञानेश्वरी एक्सप्रेस मध्यरात्रीनंतर खेमाशुली–सरडिहादरम्यान घसरली आणि शेजारच्या लाइनवरची मालगाडी तिच्या डब्यांवर आदळली. सुमारे दीडशे माणसे गेली. तिथेही रुळाच्या क्लिपा काढलेल्या आढळल्या. नंतर कित्येक महिने या भागातून रात्रीच्या प्रवासी गाड्या बंद होत्या.

दादांची मी नंतर माफी मागितली. ते हसून म्हणाले, “साहेब, तुम्ही फोनवर होता, मी रुळावर होतो.” आता ते निवृत्त झाले आहेत.

तेव्हापासून रुळावरच्या माणसाने “थांबवा” म्हटले, की मी आधी गाडी थांबवतो, प्रश्न मागून विचारतो.

मंडळाला एक विनंती. आपण इथे आरती करतो तेव्हा गस्तीवाले खांद्याला फटाक्यांचा डबा लावून रुळावर चालत असतात. यंदा प्रसादाची काही पाकिटे त्यांच्या गॅंगहटवर पोहोचवावीत. नेऊन देण्याचे काम माझे.

गणपती बाप्पा मोरया!