चाकावरचे घर आणि कागदावरची हमी



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान अशा विषयांवर बोलण्याची प्रथा आहे. आमचा आजचा विषय त्या मानाने जरा तेलकट आहे. पण ज्याच्या दारात वाहन उभे आहे, त्याच्या खिशाशी तो निगडित आहे, म्हणून चिटणिसांनी तो मान्य केला असावा.

मेहरूणची बोरे घेताना आपण टोपलीतले एकेक बोर फिरवून पाहतो. लाखो रुपयांची गाडी घेताना मात्र हमीचे पुस्तक न उघडताच सही करतो. आम्ही स्वतः हेच केले. तेव्हा हा दोष दुसऱ्याचा म्हणून सांगत नाही.

आम्ही भावाभावांनी मिळून एक कॅरव्हॅन घेतली. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडेही कानावर येऊ लागला. कॅरव्हॅन म्हणजे चाकावरचे घर. आत झोपण्याचे बाक, लहानसा ओटा, फ्रिज आणि पाण्याची टाकी. वणी, शेगाव, पंढरपूर या यात्रा म्हाताऱ्या आईला सुखाने घडाव्यात, एवढाच आमचा हेतू.

अशा गाडीचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. आपल्याकडच्या मालट्रकप्रमाणे हिचाही सांगाडा म्हणजे चासी एका कारखान्याची, आणि वरची बॉडी दुसऱ्याची. फ्रिज तिसऱ्याचा, बॅटरी चौथ्याची. म्हणजे गाडी एक, पण हम्या चार. प्रत्येकीची मुदत निराळी, अटी निराळ्या. ही गोष्ट आम्हाला गाडी घेतल्यानंतर दुसऱ्या पावसाळ्यात कळली.

झाले असे. इंजिनाच्या सर्व्हिसिंगची वेळ आली. कंपनीचे अधिकृत केंद्र दूर. जाण्यायेण्यात दोन दिवस मोडणार. आम्ही जवळच्याच एका मिस्त्रीकडे तेल आणि फिल्टर बदलून घेतले. माणूस हाताचा चोख. पुढे पावसात छताच्या सांध्यातून पाणी गळून आईच्या अंथरुणावर टपकू लागले. बॉडी बांधणाऱ्याकडे तक्रार केली, तर उत्तर मिळाले, ‘‘तुम्ही सर्व्हिसिंग बाहेर केलीत, हमी संपली.’’ इंजिनाचे तेल आणि छताची गळती यांचा संबंध कोणत्या शास्त्रात सांगितला आहे, हे आम्हाला उमगेना.

त्याच सुमारास फ्रिजही बंद पडला. तेथेही नकार आला. पण या नकाराची गोष्ट वेगळी होती. आम्ही हौसेने जादा दिवे बसवताना फ्रिजची वायर कापून तिला जोड दिला होता, आणि नेमका तो जोडच जळाला होता. म्हणजे पहिल्या तंट्यात आमची बाजू न्यायाची, दुसऱ्यात कंपनीची. या दोन तंट्यांतील फरक ज्याला समजला, त्याला आजचा सारा विषय समजला.

हमी म्हणजे उपकार नव्हे. १९३० च्या माल विक्री कायद्यात हमी हे मुख्य व्यवहाराला जोडलेले वचन मानले आहे. ते मोडल्यास नुकसानभरपाई मागता येते. मात्र वचन दोन्ही बाजूंचे असते. कारखानदार म्हणतो, ‘माझ्या घडणीतला दोष मी निवारीन.’ आपण म्हणतो, ‘वेळेवर निगा राखू.’ प्रश्न एवढाच की, ती निगा त्याच्याच दुकानात राखली पाहिजे काय?

अमेरिकेने याचे उत्तर १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने दिले. विशिष्ट छापाचाच भाग किंवा विशिष्ट दुकानाचीच सेवा घ्या, नाहीतर हमी रद्द, अशी अट तेथे सामान्यतः घालता येत नाही. तो भाग वा ती सेवा फुकट दिली तर गोष्ट वेगळी. आपल्या देशात भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध निर्णय दिला. एकंदर दंड अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक होता. पण आपल्या दृष्टीने दंडापेक्षा त्यातला आदेश मोलाचा आहे. बाहेरच्या कारागिराकडे काम केले एवढ्याच कारणावरून सरसकट हमी रद्द करू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असे आयोगाने सांगितले.

येथे एक सावधगिरीचा शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. तो आदेश त्या कंपन्यांपुरता होता आणि त्यावर अपिलेही झाली. बॉडी बांधणाऱ्याला किंवा फ्रिजवाल्याला तो आपोआप लागू होत नाही. तेव्हा नुसता निकाल तोंडावर फेकून काम भागत नाही. त्यातले तत्त्व घ्यावे, आणि पुरावा आपल्या हाती ठेवावा.

आमची खरी अडचण पुराव्याचीच झाली. मिस्त्रीने पावती दिली नव्हती आणि आम्ही मागितली नव्हती. त्याच्याकडे गेलो तेव्हा तो म्हणाला, ‘‘नाना, वीस वर्षांत माझ्याकडे कोणी कागद मागितला नाही.’’ मग त्याने वहीत पाहून तारीख, किलोमीटर, तेलाचा दर्जा आणि फिल्टरचा क्रमांक लिहून सही करून दिली. ती चिठ्ठी जोडून आम्ही बॉडीवाल्याला रजिस्टर पत्र लिहिले. पत्रात एकच प्रश्न होता: ‘या कामामुळे छत कसे गळाले, ते लेखी कळवावे.’ लेखी उत्तर आले नाही. माणूस आला आणि सांधे पुन्हा भरून गेला. फ्रिजचा खर्च आम्ही मुकाट्याने सोसला.

यावरून आम्ही काही नियम स्वतःला घालून घेतले. हमीचे पुस्तक आधी वाचावे. सर्व्हिसिंगची मुदत महिन्यांत आणि किलोमीटरांत दिलेली असते. जे आधी येईल ते धरावे. पुस्तकात सांगितलेल्याच दर्जाचे तेल घालावे. पावतीवर तारीख, किलोमीटर आणि भागांचे क्रमांक असावेत. काढलेला जुना भाग फेकू नये. छताचे सांधे पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावेत. हमी चालू असेतो वायरींना कात्री लावू नये. आणि हमीखालची दुरुस्ती, जी कंपनीने फुकट करून द्यायची असते, ती मात्र अधिकृत केंद्रातच करावी. ती बाहेर केली तर पैसेही जातात आणि दोषाचा पुरावाही जातो.

एवढे करूनही कोणी अडवले, तर कायदा आहे. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा ग्राहकाला स्वतंत्र कायदा नव्हता. तो १९८६ मध्ये आला आणि २०१९ मध्ये नव्याने झाला. नव्या कायद्याप्रमाणे ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. जळगावच्या माणसाने कारखान्याच्या गावी हेलपाटे घालण्याचे कारण उरले नाही. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे, ती मात्र चुकवू नये.

शेवटी एक गोष्ट सांगतो. हा प्रश्न केवळ गाडीवाल्याचा नाही. ‘बाहेर काम केले की हमी गेली’ ही भीती घरोघर बसली, तर आपल्या गल्लीतला कुशल कारागीर हमीच्या वर्षांत उपाशी राहील, आणि हमी संपल्यावर आपल्याला गरज पडेल तेव्हा तो तेथे नसेल. त्याच्या हाताला काम देणे आणि त्याच्याकडून पावती घेणे, ही दोन्ही आपली कामे आहेत. आमच्या मिस्त्रीने आता पावतीपुस्तक छापून घेतले आहे. पहिली पावती त्याने आम्हालाच दिली, आणि ती आम्ही हमीच्या पुस्तकातच जपून ठेवली आहे.